वाचणार कोण, ते आधी ठरव

अकरावी-बारावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. पेन कोणता घेऊ, असं विचारलं आहेस, ते सांगतेच. पण त्याआधी एक गोष्ट गाठीला बांध. पडद्यावर हाताने काहीही लिहायला घेतलंस की ते वाचणार कोण, हे आधी ठरवायचं. मुलं वाचणार असतील तर लिहायची रीत वेगळी, यंत्र वाचणार असेल तर वेगळी. या दोन रितींची सरमिसळ झाली की सगळा विचका होतो. मुलांसमोर लिहिता लिहिता प्रत्येक समीकरण टाइपात बदलत बसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यात तास संपतो आणि मुलं ताटकळतात. उलट, यंत्र तपासणार आहे त्या उत्तरात मुलं वहीतल्यासारखं भराभर खरडतात आणि बरोबर आलेल्या उत्तराला शून्य मिळतं.

आता पेन. रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही मिळतो. तो घेऊ नकोस. फोनला तो बोटच वाटतो. टोक जाड असल्यामुळे रेघ नेमकी कुठे उमटणार ते दिसत नाही आणि तळहात टेकला की तोही लिहायला लागतो. ज्याला उपकरण ‘पेन’ म्हणून ओळखतं असाच पेन हवा. असा पेन पडद्याजवळ आला की हाताचा स्पर्श बाजूला सारला जातो आणि वहीवर टेकतो तसा हात निर्धास्त टेकवता येतो. मात्र या पेनांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. आयपॅडची ॲपल पेन्सिल २०१५ पासून आहे, सॅमसंगचा एस पेन वॅकॉमच्या तंत्रावर चालतो, मायक्रोसॉफ्टच्या सरफेसचा पेन आणखी तिसऱ्या पद्धतीचा. एकाचा पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही, म्हणून टॅब ठरल्याशिवाय पेन घ्यायचा नाही.

तुझ्याकडे लॅपटॉप आहे, तेव्हा नवा टॅब घेण्याचं कारणच नाही. बिनपडद्याची पेन टॅबलेट घे. काळी सपाट पाटी असते, यूएसबीने जोडायची, पाटीवर लिहिलं की लॅपटॉपवर उमटतं. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांच्यापैकी कुठलीही चालेल. लिहायची जागा सहा बाय चार इंच असली तरी पुरे. खोक्यावर ‘८१९२ प्रेशर लेव्हल्स’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते चित्रकारांच्या कामाचं आहे. समीकरण लिहायला त्याचा उपयोग नाही, त्यापायी जादा पैसे मोजू नकोस. बॅटरी नसलेला पेन येतो ना, एवढं मात्र विचारून घे. त्या पेनाला लागणारी वीज पाटीच चुंबकीय क्षेत्रातून पुरवते, म्हणजे चार्जिंग राहिलं म्हणून तास बुडत नाही. सोबत जादा निबांची पुडी येते, ती जपून ठेव. निब एका बाजूने झिजून तिला धार आली की पाटीवर ओरखडे पडतात. तोवर थांबायचं नाही.

पाटी जोडल्यावर पहिले काही दिवस वैताग येतो. हात खाली, डोळे वर, अक्षर वेडंवाकडं. बऱ्याच जणी इथेच पाटी कपाटात टाकतात. पण निम्मा वैताग सरावाचा नसतो, सेटिंगचा असतो. लॅपटॉपचा पडदा आणि पाटी यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण सहसा सारखं नसतं. त्यामुळे पाटीवर काढलेलं वर्तुळ पडद्यावर चपटं दिसतं, अक्षरंही पसरट येतात, आणि आपल्याला वाटतं आपलाच हात बिघडला. पाटीसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण कायम ठेवायची खूण असते, ती कर. मग एक काचेची बांगडी पाटीवर ठेव आणि तिच्या कडेने पेन फिरव. पडद्यावर वर्तुळ गोल आलं तर जमलं. लंबगोल आलं तर परत सेटिंगमध्ये जा. बांगडी धातूची नको, धातूने पेनाचा माग चुकू शकतो. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर पाटी एकाच पडद्याशी बांध, नाहीतर हात इंचभर हलला की पेन शेजारच्या पडद्यावर जातो.

वही आपण नेहमी थोडी तिरकी ठेवून लिहितो, ही सवय इथे सोडावी लागते. पाटी तिरकी ठेवलीस की ओळी पडद्यावर चढत किंवा उतरत जातात, कारण पाटीची आडवी कड हीच पडद्याची आडवी कड. पाटी पडद्याच्या बरोबर समोर, कडेला कड समांतर, आणि कीबोर्ड बाजूला. लिहिताना कोपर टेबलावर हवं, अधांतरी राहिलं तर तासाभरात खांदा भरून येतो. डावखुऱ्या कुणाला शिकवशील तर सेटिंगमध्ये पाटी उलटी फिरवायची सोय असते, तेही सांग.

विंडोजची एक खोड सांगते, कारण ती गणितवाल्यांनाच जास्त नडते. पेन एका जागी क्षणभर धरून ठेवला की विंडोजला वाटतं आपल्याला माउसचं उजवं बटण दाबायचं आहे. पेनाभोवती एक कडं उमटतं आणि यादी उघडते. दशांश चिन्ह देताना, कोनाच्या शिरोबिंदूवर ठिपका ठेवताना नेमकं हेच होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पेन अँड टच’ म्हणून जागा आहे. तिथे दाबून धरण्याची ती सोय बंद करून टाक. पेनाच्या अंगावरची बटणंही अंगठ्याखाली चुकून दाबली जातात. एकाला ‘मागे घे’चं काम दे, दुसरं बंदच ठेव.

सराव कसा करायचा? सुविचार गिरवत बसू नकोस. रोज संध्याकाळी खाली न बघता पाढे लिही, मग संख्यारेषा, मग अक्ष आणि त्यावर एक परवलय. अंक, आडव्या-उभ्या रेघा आणि वळणं, गणिताला लागणारं सगळं त्यात येतं. आलेखाची रेघ हातानेच सरळ यावी असा हट्ट धरू नकोस. त्यासाठी जिओजेब्रा आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात ते सुरू केलं आणि आज ते फुकट मिळतं. आकृती त्यात काढ आणि तिच्यावर पेनाने खुणा कर.

आता माणसांसाठी लिहिण्याची रीत. खान अकॅडमीची गोष्ट तुला ठाऊक असेल. २००४ मध्ये सल खान बॉस्टनला होते आणि नात्यातली बहीण नादिया न्यू ऑर्लिन्सला. फोनवर बोलत आणि याहूच्या डूडल नावाच्या फळ्यावर लिहीत त्यांनी तिला गणित शिकवलं. पुढे त्यांनी व्हिडिओ केले त्यात चेहरा नाही, काळा फळा आणि रंगीत अक्षरं एवढंच. ओळ लिहिली जाताना दिसते आणि ती का लिहिली हे त्याच वेळी ऐकू येतं, त्या व्हिडिओंची सारी ताकद एवढ्यातच आहे. आधीच टाइप केलेली उदाहरणं एकेक करून पडद्यावर आणलीस तर हे हातचं जातं. मुलांना उत्तर दिसतं, पण उत्तरापर्यंत जाताना तू कुठे थबकलीस, कुठली पायरी आधी घेतलीस, हे दिसत नाही. म्हणून वर्गात शाईची शाईच राहू दे. तिचं टाइपात रूपांतर करायचं नाही. अक्षर छापल्यासारखं नसलं तरी मुलांना ते वाचता येतं, वाचता आलं म्हणजे झालं.

तुझी बरीच मुलं फोनवर बघत असणार. लॅपटॉपवर तुला ऐसपैस वाटणारं अक्षर तिथे मुंगीएवढं दिसतं. एका पडद्यावर सात-आठ ओळींच्या वर लिहायचं नाही, रेघ जाड ठेवायची. घरातल्याच दुसऱ्या फोनवरून आपल्या वर्गात विद्यार्थी म्हणून शिर आणि तो फोन टेबलावर समोर ठेव. अक्षर लहान झालं, आवाज मागे राहिला, सगळं त्यात लगेच कळतं. रंग दोनच वापर, एक सोडवणुकीला आणि एक खुणेला. लाल-हिरव्याच्या जोडीवर काही सांगू नकोस, तो फरक न दिसणारं मूल वर्गात असू शकतं. चुकलेली ओळ पुसू नकोस, तिच्यावर एक रेघ मार आणि खाली नीट लिही. पुसली की मुलांच्या वहीत चूक तशीच राहते, आणि ती चूक होती हे त्यांना कळतही नाही. पान भरलं की नवं पान, कोपऱ्यात तारीख आणि पानाचा क्रमांक. रेंज कमी असेल तेव्हा आधी आपला कॅमेरा बंद कर. तुझा चेहरा दिसला नाही तरी चालतं, शाई दिसलीच पाहिजे.

फळ्यासाठी ओपनबोर्ड किंवा झुर्नल प्लस प्लस ही फुकटातली चांगली सॉफ्टवेअर्स आहेत. वननोटही चांगलं. कुठलंही वापर, पण तास संपला की पीडीएफ काढून आपल्या संगणकावर ठेव. गुगलचा जॅमबोर्ड किती शाळांत चालायचा, तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. आपल्या शिकवण्याची कागदपत्रं दुसऱ्याच्या फळ्यावर टांगून ठेवायची नाहीत.

यंत्रासाठी लिहिताना सगळं उलटं. यंत्राला संदर्भ कळत नाही, ते खुणा वाचतं. आणि पेनाने लिहिताना ते नुसता आकार बघत नाही, पेन कुठून कुठे गेला, कुठली रेघ आधी आली आणि कुठली नंतर, हेही बघतं. म्हणून एक चिन्ह पुरं करायचं, मग पुढचं. मागे जाऊन आधीच्या आकड्याला शेपूट जोडायचं नाही. आकडा चुकला तर त्याच्यावरच गिरवून दुरुस्त करायची आपल्याला जी खोड असते, ती इथे अजिबात चालत नाही. तेवढं चिन्ह खोडून नव्याने लिहायचं.

मुलांना हे फळ्यावर करून दाखव, तोंडी सांगून भागणार नाही. अपूर्णांकाची रेघ अंश आणि छेद दोन्हींपेक्षा थोडी लांब हवी, आखूड पडली तर यंत्र तिला वजाबाकीचं चिन्ह समजतं. वर्गमूळाचं छप्पर आतल्या शेवटच्या पदाच्या पुढेपर्यंत न्यायचं. घातांक लहान आणि स्पष्ट वर. अर्धवट वर चढलेला दोन म्हणजे घात की गुणाकार, यंत्र ठरवेल ते खरं. इंग्रजी झेडला मध्ये आडवी रेघ द्यायची, म्हणजे तो दोनपासून वेगळा राहतो. सातालाही द्यायची. एक्स दोन पाठीला पाठ लावलेल्या कमानींनी काढायचा आणि गुणाकाराला फुली न देता ठिपका द्यायचा. पाच आणि एस, शून्य आणि ओ, टी आणि अधिकचं चिन्ह, या जोड्या एकदा सर्वांकडून लिहून घे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांचा देवनागरी एक घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठासारखा. चाचणीत अंक इंग्रजीच लिहायचे की देवनागरी चालतील, हे पहिल्या दिवशी सांगून टाक.

मूडलसारख्या ऑनलाइन वर्गाच्या ठिकाणी समीकरणासाठी मॅथटाइप जोडलेलं असेल तर त्यात हाताने लिहायची सोय असते आणि फोनवर ती आपोआप उघडते. हाताने लिहिलेलं यंत्राने कसं वाचलं, हे शेजारी दिसतं. ‘सबमिट’ दाबण्याआधी ते एकदा मनात वाचायचं, ही सवय लाव. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि पहिली चाचणी बिनमार्कांची घे. गणित येतं पण त्या चौकटीत लिहिता येत नाही, एवढ्यावरून कुणाचा मार्क जाणं हा अन्याय आहे. तो टाळणं शिक्षकाच्या हातात असतं.

मराठी लिहिण्याबद्दलही विचारलं होतंस. २०१५ मध्ये गुगलने हस्ताक्षराने लिहायचं ॲप काढलं, त्यात ८२ भाषा होत्या. आता ती सोय जीबोर्डमध्येच आहे. भाषांमध्ये जाऊन मराठी निवडायची आणि तिथेच हस्तलेखन निवडायचं. अक्षर-अक्षर तोडून न लिहिता पुरा शब्द लिही आणि शिरोरेषा शेवटी एकदाच ओढ. वर सुचवलेले शब्द दिसतात, त्यात डोळे उघडे ठेवून निवड. ‘दऱ्या’ लिहायचं असतं आणि ‘दर्या’ पुढे येतो. दोन्ही शब्द खरे, पण डोंगरदऱ्यांचा समुद्र होतो. चार-दोन शब्दांच्या उत्तराला, नाव-गाव लिहायला ही सोय उत्तम आहे. पानभर निबंध मात्र तसा लिहू नये, कुणाला लिहायलाही लावू नये.

अमेरिकेतल्या मराठी शाळांमध्ये मुलं आठवड्यातून एकदा देवनागरी शिकतात, त्यांतल्या काही आता ऑनलाइनही चालतात. तुझी मैत्रीण तिकडे शिकवते, तिला एवढं सांग, यंत्राने अक्षर ओळखलं म्हणजे मुलाला ते आलं असं समजू नये. क कुठूनही सुरू केला तरी यंत्र कसंबसं ओळखतं. मुलाचा हात कसा फिरतो ते समोर बघावं लागतं. श आणि ल यांची मराठी वळणाची रूपं राज्य सरकारने २००९ मध्ये ठरवून दिली आहेत, पण फोनवर बऱ्याचदा हिंदी वळणाची दिसतात. मुलांना गिरवायला देताना फोनवरचं अक्षर बघून देऊ नये, बालभारतीचं पुस्तक समोर ठेवावं.

एवढा खटाटोप कशाला, टाइप केलं तर काय बिघडलं, असं तुला कुणीतरी विचारणारच. तेव्हा अर्धवट ऐकीव माहिती सांगू नकोस. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांनी लॅपटॉपवर टिपणं काढणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुलं ऐकलेलं शब्दशः उतरवत होती आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत मागे पडली, असं त्यात होतं. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. शब्दशः उतरवणं दिसलं, पण मार्कांतला फरक ठामपणे दिसला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठाने ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या लहरी २५६ संवेदकांनी मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतली जोडणी टाइप करण्यापेक्षा खूप जास्त आढळली. तुझ्या कामाची बाब म्हणजे, ती मुलं कागदावर लिहीत नव्हती, डिजिटल पेनाने टचस्क्रीनवर लिहीत होती. टाइप करताना मात्र त्यांना एकच बोट वापरायला दिलं होतं आणि लक्षात किती राहिलं हे मोजलेलं नव्हतं, हेही सांग. माझं मत विचारशील तर गणितापुरता हा वाद मिटलेलाच आहे. समीकरण मुळात दोन दिशांना पसरतं, वर-खाली आणि आडवं. कीबोर्ड एकाच ओळीत धावतो. मुलांनी अपूर्णांक तिरक्या रेघेने आणि कंसांनी टाइप करायला घेतला की गणित बाजूला राहतं आणि कंस मोजणं सुरू होतं.

सगळ्या मुलांनी पेन घ्यावेत असा आग्रह मात्र धरायचा नाही. पेन तुझ्या हातात हवा. त्यांच्या हातात वही आणि साधं बॉलपेन पुरे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, वहीच्या बरोबर वरून फोटो, आणि सगळी पानं क्रमाने एकाच पीडीएफमध्ये, एवढं शिकव. पेनाने टॅबवर सोडवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. छापील प्रश्नपत्रिकेवर लिहिलेली शाई कधीकधी पीडीएफवर वेगळा थर म्हणून बसते, आणि काही ठिकाणी उघडली की नुसते प्रश्न दिसतात, उत्तरं गायब. म्हणून ती पुन्हा ‘प्रिंट’मधून पीडीएफ म्हणून काढायची, दुसऱ्या फोनवर उघडून बघायची, मगच पाठवायची.

तपासताना हाच पेन सगळ्यात उपयोगी पडतो. मूडलमध्ये मुलांच्या पीडीएफवर थेट लिहिता येतं आणि तपासलेली प्रत त्यांना परत जाते. गुगल क्लासरूमच्या फोनवरच्या ॲपमध्येही लिहिता येतं. शेवटी नुसते मार्क आणि ‘सराव वाढवा’ असा शेरा देऊ नकोस. जिथे पाऊल घसरलं त्या ओळीवर वर्तुळ काढ आणि शेजारी दोन शब्द लिही. चिन्ह बदललं, पद सुटलं, सूत्र बरोबर पण किंमत चुकीची टाकली, असं नेमकं. चाळीस पीडीएफ अशा तपासायला वेळ लागतो, पण शिकवण्यातला खरा वेळ तोच आहे.

आता उद्याच कामाला लाग. मुलांना एकेकाला फोन करून विचार, घरी काय आहे, फोन कुणाचा, तो संध्याकाळी मोकळा असतो का. त्यांची उत्तरं हातात आल्यावरच वर्गाची वेळ ठरव आणि पाटी मागव. पहिल्या चाचणीच्या तपासलेल्या चार-पाच उत्तरपत्रिका नावं झाकून मला पाठव, मी बघते.